जुनेर नसलेल्या घराची कहाणी

ऐका जुनाईमाय, तुमची कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, मन जागेवर आणा.

नदीच्या वळणावर एक आटपाट पेठ होती. पेठेत एका सौदागराचं घर होतं. त्या घरी येसू सून म्हणून आली. माहेर गरिबाचं होतं. आईचं लुगडं विरलं की त्याचा लेकीला परकर व्हायचा, परकर विरला की त्याच्या दिव्याला वाती व्हायच्या. येसूला वाटलं होतं, सासरी गेलं की सुख लागेल. अंगाला नवं लुगडं मिळेल, चुलीवर नवी भांडी चढतील, आणि जेवताना शेजारच्या पाटावर आपलं माणूस बसेल. सासरी येऊन बघते, तो लुगड्यांनी पेट्या भरलेल्या, भांड्यांनी फडताळं भरलेली, माळ्यावर सागवानी पाळणासुद्धा आणून ठेवलेला. पाट तेवढा रिकामा. हळद उतरली नव्हती, तोच नवरा तांड्याबरोबर व्यापाराला निघून गेला होता.

त्याचं नाव हरबाशेट. येसूच्या तोंडी ते नाव यायचं नाही, ती आपली ‘घरचे’ म्हणे. घरचे मुलूखभर फिरत. तांड्याचा नाईक येता-जाता निरोप आणी, “बाई, शेट पुसतात, काय पाठवू?” आणि उत्तराआधीच गाठोडं टेकवी. गाठोड्यात लुगडं निघे. येसू ते हुंगून बघे. त्याला खळीचा वास येई, माणसाचा वास येत नसे. मग ती घडी तशीच पेटीत ठेवी. ते आल्यावर नेसेन, म्हणे. रोज दोन पाट मांडी, एकावर जेवी, दुसरा तसाच उचलून भिंतीला लावी.

एके दिवशी काय झालं? दुपारची वेळ होती. दारात एक म्हातारी आली. अंगावर ठिगळाला ठिगळ, आणि तोंडभर हसू. म्हणाली, “लेकी, वेशीबाहेर एक पोर बाळंत झाली. लेकराला गुंडाळायला जुनेर दे.”

येसूनं पहिली पेटी उघडली, तिथं नवं. दुसरी उघडली, तिथं नवं. तिसरी उघडली, तिथंही नवं. मग तिनं रेशमी लुगडं काढलं, म्हातारीपुढं धरलं. “आजी, हेच न्या.”

म्हातारीनं बोटानं चाचपलं. “नवं रुततं गं. काल जन्मलेल्या जिवाला ही कड कापेल. एवढं मोठं घर, आणि त्यात एक मऊ चिंधी नाही? इथं कुणी राहतं की नाही?”

येसूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाली, “आजी, राहणारे बाहेर आहेत. मी राखणीला आहे.”

म्हातारी उंबऱ्यावर बसली. “मग तुला एक वसा सांगते. उतशील मातशील, घेतला वसा टाकशील.”

“उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.”

“तर ऐक. वर्षभर उंबऱ्याच्या आत नवी वस्तू घेऊ नये. फाटलं ते शिवावं, फुटलं ते सांधावं, नसेल ते शेजारी मागावं. मागायला लाजू नये, द्यायला कचरू नये. घरात पडून असेल त्याची घडी आधी दुसऱ्या बाईकडून मोडून घ्यावी. एक लुगडं अंगावर झिजवावं, मऊ करावं. जिची वाट बघतेस ती गोष्ट उंबरा ओलांडून येईल.” इतकं म्हणाली, उठली. येसू पाणी आणायला आत गेली, बाहेर येऊन बघते तो रस्त्यावर कुणी नाही.

येसूनं सासूला सांगितलं. सासू कडाडली, “कुठल्या भिकारणीचं ऐकून बसलीस? सौदागराच्या घरी ठिगळ दिसलं तर पेठ म्हणेल, दिवाळं निघालं!”

“म्हणू दे, आत्याबाई. आज म्हातारी म्हणाली, इथं कुणी राहत नाही. ते जास्त लागलं मला.”

त्या दिवसापासून सासू सुनेशी धड बोलेना.

मग काय झालं? दुधाचं गाडगं फुटलं. घरात तांब्यापितळेची रास होती, पण दही लागावं तर मातीतच. नवं घ्यायचं नाही. येसू पदर सावरत कुंभारवाड्यात गेली. तिथं ठकू नावाची कुंभाराची सून, पाचव्या महिन्याची गर्भार, चिखल तुडवत होती.

“अगंबाई, सौदागरीणबाई! वाट चुकलात की काय?”

“गाडगं हवंय. पण नवं नको. तुझ्या वापरातलं दे.”

ठकूनं तोंडाला पदर लावला, तरी हसू फुटलंच. “कुंभाराकडं येऊन जुनं मागणारी तुम्हीच पहिल्या! सासरा ऐकेल तर चाक सोडून पळेल.” मग आत जाऊन कडा काळवंडलेलं गाडगं घेऊन आली. “हे न्या. नवं गाडगं आधी आपणच दूध पितं, मग माणसाला देतं. याचं पोट भरलंय.”

त्या दिवसापासून जाणं-येणं सुरू झालं. आज येसू सुई मागी, उद्या ठकू चाळण मागी. ठकूचं ओटीभरण आलं. येसूनं हिरवं लुगडं काढलं. “ठकू, हे नेस. घडी तू मोड.”

“मी आधी? आणि तुम्ही माझ्यामागून नेसणार?”

“तुझ्या अंगाची ऊब लागली की मग मी नेसेन. रिकामं लुगडं मला नेसवत नाही गं.”

ठकू नेसली, ओटी भरली, लुगडं धुऊन परत दिलं. मग येसूनं तेच वसा म्हणून अंगावर धरलं. घाटावर आपटावं, वाळवावं, पुन्हा नेसावं. खळ गेली, कडा नरमल्या, पदर पिसासारखा झाला. घरात पहिल्यांदा जुनेर झालं.

ठकूला मुलगा झाला. येसूनं निम्मं लुगडं टरकन फाडलं, लेकराला गुंडाळलं. लेकरू रडायचं थांबलं, गाढ झोपलं. ठकूची सासू म्हणाली, “जुनेर आलं गं बाई, आता पाळणा कुणाकडून आणू?”

माळ्यावरचा पाळणा येसूच्या डोळ्यांपुढं आला. घरच्यांनी लग्नाआधीच आणून ठेवला होता. पोपट कोरलेला, मोरचूद रंगाचा. येसू कधीमधी माळ्यावर चढे, धूळ पुसे, आणि कुणी बघत नाही असं पाहून एकदा हलवून येई. बाकी सगळ्याची घडी मोडीन, म्हणाली, याची कशी मोडू? माझं लेकरू निजायच्या आधी दुसऱ्याचं? घरी आली, जेवली नाही. दोन पाट मांडले, दोन्ही उचलले. मग माळ्यावर चढली, पाळण्याला हात लावला. पाळणा थंड होता. इथं कुणी राहतं की नाही, हे म्हातारीचे शब्द आठवले. तिनं गड्याला हाक मारली, पाळणा उतरवला, कुंभारवाड्यात पोचवला. बारशाला पाळणा गायला तीच पुढं होती. गाताना तिचा आवाज दोनदा चिरकला. बाया समजल्या, त्यांनी सूर उचलून धरला.

इकडं वसा धरल्यावरही तांडा येतच होता. पहिल्यांदा नाईक आला. “बाई, शेट पुसतात, काय पाठवू?” येसू म्हणाली, “काही नको,” आणि गाठोडं बाहेरूनच परत लावून दिलं. दुसऱ्यांदा नाईक आला. “बाई, शेट पुसतात, रागावलीस का? काय पाठवू?” येसू म्हणाली, “रागावले नाही. काही नको.” गाठोडं परत गेलं. तिसऱ्यांदा नाईक आला, तो कपाळाला हात लावूनच. “बाई, या गाठोड्याला माझा बैल ओळखायला लागलाय. जाताना पाठीवर, येताना पाठीवर. आता तरी काही मागा!”

येसू म्हणाली, “मागते. त्यांच्या अंगावरचा अंगरखा कुठं तरी फाटला असेल. तो पाठवा म्हणावं, शिवून देते.”

निरोप पोचला, आणि पुढच्या खेपेला अंगरखा आला. काखेत उसवलेला, कोपरावर विरलेला. येसूनं हुंगून बघितला. त्याला घामाचा वास होता, धुराचा होता, उन्हातल्या धुळीचा होता. इतकी वर्षं गाठोडी आली, त्यांच्यातून माणूस आज पहिल्यांदा आलं. ती अंगरखा मांडीवर घेऊन उन्हं कलेपर्यंत बसून राहिली. मग शिवायला घेतला, तर घरात दोरा नाही. विकत घ्यायचा नाही, आणि हा टाका शेजारून मागावासा वाटेना. मग काय केलं? लग्नातली पिवळी अष्टपुत्री काढली, तिच्या पदराचे धागे ओढले, त्या धाग्यांनी अंगरखा शिवला आणि पाठवून दिला.

दिवस गेले, महिने गेले. वर्षाची शेवटची सांज आली. येसू दिवा लावायला उंबऱ्यावर आली, तो अंगणात माणूस उभा. अंगावर तोच अंगरखा, काखेत पिवळे टाके. तिनं भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. आणि मग तिला दिसलं, त्याच्या हातात गाठोडं होतं.

“या,” ती म्हणाली. “गाठोडं ओट्यावर ठेवा. उद्या सूर्य उगवेपर्यंत नवं आत घ्यायचं नाही, असा वसा आहे.”

हरबाशेटचा चेहरा उतरला. “पिवळा धागा ओळखला, मग विकायला हातच उठेना. तांडा सोडून आलो. पण रिकाम्या हातानं घरी जाऊ नये, असं बापानं शिकवलंय. मला आत घेतेस आणि माझ्या कमाईला बाहेर ठेवतेस? ती बाहेर तर मीही बाहेर.” आणि गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसला.

सासू धावत आली. “अगं, एका रात्रीनं काय होतंय? घे आत! पुन्हा निघून गेला तर कपाळ बडवशील.”

येसूच्या मनात काय झालं ते तिचं तिलाच ठाऊक. हात पुढं केला असता तर हाताला हात लागला असता. इतकी वर्षं जी वाट बघितली, ती वाट ओट्यापर्यंत आली होती आणि मध्ये एक गाठोडं होतं. ती म्हणाली, “आत्याबाई, वसा टाकला आणि ते आत आले, तर ते गाठोडं ठेवायला आले असं होईल. ठेवतील आणि जातील. मला त्यांचे हात रिकामेच हवेत.”

सासू आत गेली, आपली पेटी उघडली, पोपटी रेशमाची एक घडी घेऊन बाहेर आली. लेकापुढं बसली. “हे तुझ्या बापानं पाठवलं होतं. ते आल्यावर नेसेन म्हणून ठेवलं. ते एकदा वाटेतच गेले, आणि रंग माझ्या अंगावरून उतरले. बघ.” तिनं लुगडं उलगडलं. कधी न नेसलेलं ते लुगडं घडीघडीवर विरलं होतं. हातात नुसत्या पट्ट्या आल्या.

हरबाशेटनं त्या पट्ट्या हातात घेतल्या, खाली ठेवल्या, पुन्हा घेतल्या. येसूनं ताट ओट्यावर आणलं. गाठोडं मांडीवर ठेवूनच तो जेवला. तिनं आपला पाट उंबऱ्याच्या आत मांडला. दोघं त्या दिवशी पहिल्यांदा शेजारी बसून जेवली, मध्ये तेवढा उंबरा होता.

सकाळ झाली. वर्ष पुरं झालं. हरबाशेटनं गाठोडं सोडलं. आत जांभळं लुगडं होतं, येसूला लहानपणापासून हवं होतं अगदी तसं. तिनं त्यावरून हात फिरवला. मन धावलं, हे खोटं का बोला?

“आता तरी घेशील?” तो म्हणाला. “आता वसा फिटला. सांग, यापुढं काय आणू?”

इतक्यात ठकू आली. काखेत लेकरू, अंगात जुनेराचं झबलं. “येसूबाय, हा द्वाड आता पाळण्यात मावत नाही. काल कडेवरून उडीच घेतली. तुमचा पाळणा कधी पाठवू? पोपटाची चोच मात्र यानं चावून खाल्लीय हो, राग नका धरू.”

येसू हसली. हसता हसता डोळे पुसले. तिनं जांभळं लुगडं उचललं, ठकूच्या खांद्यावर टाकलं. “घडी तू मोड. मला मागाहून दे.” मग सासूकडं वळली. “आत्याबाई, वसा फिटला, पण मी तो टाकत नाही. यंदाही धरते.” आणि मग नवऱ्याकडं बघून म्हणाली, “काही आणायचं असेल तर कुंभारवाड्यातून आपला पाळणा घेऊन या. आता तो कुणाच्या तरी अंगानं ऊबदार झालाय. जड आहे, दोन्ही हात लागतील.”

हरबाशेट उठला. हात रिकामे होते. उंबऱ्यावर पाऊल टाकलं, आत आला, पाणी प्याला, आणि पाळणा आणायला निघाला.

जशी जुनाई म्हातारीच्या रूपानं येसूला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. ज्याचं माणूस लांब असेल, त्याला धागा पोचो. ज्या घरात पेट्या भरल्या असतील, त्या घरात एक तरी जुनेर निघो. साठा उत्तरांची ही कहाणी, पाचा उत्तरांत शिवली, ठिगळासकट तुमच्या ओटीत घातली, ती तिथं सुफळ संपूर्ण होवो.