गवराची चूल

खूप जुन्या काळी, तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला सांगता यायची नाहीत अशा काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. वर टेकाडावर सरदाराची गढी होती. गाव गढीला भिऊन असायचं, पण गावापाशी एक हत्यार होतं. गढीने कुणावर अन्याय केला की सगळं गाव चुली विझवायचं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची चूल आधी, मग बाकीच्यांच्या. गढीत रांधणाऱ्या बायका याच गावच्या लेकीसुना. खाली घराघरातला धूर थांबला की त्याही वरची चूल पेटवत नसत, आणि उपाशी सरदाराचं डोकं लवकर ताळ्यावर येई. मात्र गावातल्या एका जरी घरातून धूर निघाला, तर तंटा मिटला असं धरलं जाई आणि गढीत पुन्हा भाकऱ्या थापल्या जात.

या गावात एक कुंभारीण होती. जिभेने तिखट, मनाने सरळ. अन्याय झाला की पदर खोचून, कमरेवर घागर घेऊन ती दारोदार फिरे आणि स्वतःच्या हाताने चुलीत पाणी ओती. कुणी कुरकुर केली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. यात तिचंही नुकसान होतंच. भट्टी अर्धी भाजलेली असली तरी ती विझवून टाकी आणि कच्ची मडकी उकिरड्यावर फेकी.

त्याच गावात एक म्हातारा कोष्टी होता. त्याचा स्वभाव अगदी उलटा. अन्याय झाला की तो दुखावलेल्या माणसांच्या घरी जाऊन बसे. रडणाऱ्याला रडू देई, चिडलेल्याला शांत करी, उपाशी पोराच्या तोंडात काहीतरी घाली. भुकेल्या पोटी माणसं एकमेकांवरच खेकसतात, असं तो म्हणे.

दोघांचं एकमेकांशी पटत नसे. विझवलेली चूल फुंकून पुन्हा पेटवायला निघतो म्हणून कुंभारीण त्याला 'फुंकणीवाला' म्हणायची. म्हाताऱ्याला वाटे, या बाईला माणसं दिसतच नाहीत, नुसती गढी दिसते. दोघंही गावासाठी जीव टाकणारी, आणि दोघं एकमेकांच्या वाटेने चुकूनही जायची नाहीत. आता याला शहाणपण म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

एका हिवाळ्यात सरदाराने गावचं कुरण आपल्या घोड्यांसाठी बळकावलं. गावच्या मेंढपाळाला ते मान्य नव्हतं. तो रोजच्यासारखा मेंढरं घेऊन कुरणात गेला, तर शिपायांनी त्याला फरफटत नेऊन गढीच्या तळघरात कोंडलं. त्याच्या बायकोचं नाव गवरा. या गोष्टीतल्या बाकी कुणाचं नाव उरलं नाही, तिचं मात्र उरलं. ती नुकतीच बाळंत झाली होती.

कुंभारीण घागर घेऊन आधी तिच्याच दारात गेली. गवरा चुलीजवळ पोराला कुशीत घेऊन पडली होती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "कढत पाण्यापुरती ठेवू का गं? अंगात लई थंडी भरलीय."

कुंभारणीने घागर क्षणभर खाली टेकवली. पण तिने मन घट्ट केलं. "तुझीच चूल पेटलेली राहिली, तर गाव आपली कशाला विझवंल? तुझ्याच नवऱ्यासाठी चाललंय हे. थोडी कळ काढ, बाई."

गवराने मान हलवली. कुंभारणीने पाणी ओतलं. मग साऱ्या गावाच्या चुली विझवून ती गढीच्या दरवाजात जाऊन बसली आणि सरदाराच्या नावाने ओरडू लागली.

इकडे गावात पोरं रडू लागली. कोष्ट्याला ते ऐकवेना. "लेकरांपुरती एक चूल पेटवा," त्याने खालच्या आळीला गळ घातली. "एवढ्याने काय बिघडतंय?" चूल पेटली, पेज शिजली. म्हाताऱ्याने मडकं उचललं आणि घरोघरी पेज वाटली. मेंढपाळाच्या घराशी येताच मात्र त्याचं पाऊल अडखळलं. हे घर तर कुंभारणीने हाती घेतलेलं. तिने पहिली चूल इथली विझवलीय, आपण पेज घेऊन गेलो तर ती गाव डोक्यावर घेईल. शिवाय तिने गवरासाठी काहीतरी सोय केलीच असणार. तो पुढे निघून गेला.

खालच्या आळीतला धूर गढीतून दिसला. तंटा मिटला असं समजून तिथल्या बायकांनी चूल पेटवली. सरदार पोटभर जेवला, त्याने ढेकर दिली आणि मेंढपाळ तळघरातच राहिला.

कुंभारीण लालबुंद होऊन खाली आली. चौकात तिने म्हाताऱ्याला गाठलं. "आज्या, तू घात केलास! सरदार वाकणार होता!"

"वाकंस्तोवर पोरं मेली असती," म्हातारा म्हणाला. "तुला काय, तुला ओरडायला मिळालं की झालं."

झालं! गाव दोन बाजूंना वाटलं गेलं. दिवस मावळेपर्यंत चौकात नुसती तणातणी चालली. गवराची आठवण एकदा कुंभारणीला आली होती. पण तिने मनाशी म्हटलं, हा फुंकणीवाला साऱ्या गावाला पेज वाटत फिरला, तिला काय वगळणार आहे?

सकाळी शेजारणीला पोराचं बारीक रडणं ऐकू आलं. दार ढकललं तर चूल थंड होती आणि गवराही थंड होती. आपलं लुगडं सोडून तिने पोराभोवती गुंडाळलं होतं. पोर जिवंत होतं. शेजारीण अंगावर पाजणारी होती, तिने त्याला पदराखाली घेतलं.

कुंभारीण आली, म्हातारा आला. उंबऱ्याच्या दोन टोकांना दोघं उभी राहिली.

"मला वाटलं, हे घर तुझं," म्हातारा म्हणाला.

"मला वाटलं, तू सगळ्यांना वाटलीस," कुंभारीण म्हणाली आणि मटकन खाली बसली. ती रडली, भट्टीच्या भट्टी फुटली तरी कधी रडली नव्हती तशी रडली.

गवराला पोचवून आल्यावर ती आपण होऊन म्हाताऱ्याच्या मागाशी गेली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"आज्या, कुणाच्या घरात काय दुखतंय, ते तुला कसं कळतं?"

"दारात उभा राहतो. आतून भांड्याचा आवाज आला नाही, की आत जातो," तो म्हणाला. "काल मात्र दारातूनच परतलो. पोरी, तुला गढीचं भ्या कसं वाटत नाही गं?"

"वाटतंय की. पाय लटपटतात. म्हणून तर एवढी ओरडते."

म्हातारा मागावरून उठला आणि म्हणाला, "मग उद्या मीबी वर येतो, पेज तिथंच शिजवू."

दुसऱ्या दिवशी गावातली एकही चूल पेटली नाही. पण प्रत्येक घरातून एकेक दगड निघाला आणि गढीच्या दरवाजासमोर त्यांची एक मोठी चूल मांडली गेली. कुंभारणीने आपलं सर्वांत मोठं मडकं आणलं. म्हातारा काठी टेकत, धापा टाकत टेकाड चढला आणि पेज ढवळायला बसला. घराघरात धूर नव्हता, त्यामुळे रीत मोडली नाही, आणि कुणी उपाशीही राहिलं नाही. आता कुंभारीण ओरडण्याआधी कोण आलं नाही ते बघे आणि त्याच्या दारात जाई. पोरं पेज पिऊन निजली की म्हातारा थरथरत्या आवाजात दरवाज्याकडे बघून म्हणे, "आमचा माणूस सोडा!" गढीतल्या बायकांनी आपली चूल विझवली आणि त्याही बाहेर येऊन गावाच्या पंगतीला बसल्या. दरवाज्याबाहेर गाव जेवत होतं आणि आत सरदार उपाशी होता. अखेर त्याने हात टेकले. कुरण सोडलं, मेंढपाळाला सोडलं.

मेंढपाळ डोळे चोळत उजेडात आला. एवढं गाव आपल्यासाठी जमलेलं पाहून त्याला भरून आलं. तो सगळ्यांच्या पाया पडू लागला. मग गर्दीत शोधत म्हणाला, "आमची गवरा कुठाय?"

म्हाताऱ्याने कुंभारणीचा हात धरला, आणि तिने ते सांगितलं.

मेंढपाळाने त्या पेटलेल्या चुलीकडे पाहिलं. "एवढंच करायचं होतं," तो म्हणाला, "तर आधी का नाही केलं?"

मेंढपाळाने शेजारणीकडून पोराला घेऊन पाठीशी बांधलं, मेंढरं हाकली आणि तो दुसऱ्या मुलखात निघून गेला. सुटलेल्या कुरणात त्या वर्षी गवत कमरेइतकं वाढलं, आणि त्यात चरायला त्याची मेंढरं नव्हती.

म्हणून सांगतो, अन्यायाशी झगडणाऱ्याने आणि दुखावलेल्याला जपणाऱ्याने एकमेकांकडून वेळेत शिकावं, नाहीतर ज्याच्यासाठी दोघं झटतात तोच दोघांच्या मध्ये एकटा मरतो.