डोहाची रांग

फार वर्षांपूर्वी रानातही मतदारसंघ असत. मत म्हणजे एक चिंचोका. तो टेकडीवरच्या झाडाच्या ढोलीत टाकायचा. डोहातलं म्हातारं कासव दर निवडणुकीला निघायचं आणि पोचेपर्यंत मतदान संपलेलं असायचं.

तिथला आमदार रानडुक्कर. त्यानं स्वतःला लोळायला चिखल हवा म्हणून ओढा वरच अडवला होता. डोह आटू लागला. एकदा रानडुक्कर खाली आला तेव्हा कासवानं तक्रार केली.

"डोहातून एक तरी मत येतं का?" रानडुक्कर हसला. "मग पाणी कशाला सोडू?"

पुढच्या मतदानाच्या सकाळी ढोलीची राखणदार टिटवी पाहते तर काय, समोर कासव! मागे गोगलगायी, खेकडे, बेडूक; अख्खा डोह रांगेत.

"आजोबा, निघालात तरी कधी?"

"तो हसला ना, त्याच दिवशी. वर्ष लागलं. गोगलगायींना जरा धीरानं घ्यावं लागतं."

रांग पाहून रानडुक्कर धावत सुटला आणि बांध फोडून आला. "घ्या, सोडलं पाणी! आता उन्हात कशाला थांबता? घरी जा!"

खालून पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता. सगळ्यांनी कासवाकडे पाहिलं.

कासवानं चिंचोका तोंडात धरला आणि ढोलीकडे एक पाऊल टाकलं.