टोकाचा रेझिस्टर

संगणक कपाटाएवढे असत, तेव्हाची ही गोष्ट. एका डेअरीत दूध तापवण्याचं काम पाहणाऱ्या अशाच कपाटात सर्किटची सगळी कार्डं एकाच तारेवर बोलत. तारेच्या टोकाला एक रेझिस्टर बसलेला असे. तिथवर पोचलेलं बोलणं तो गिळून टाकी, म्हणजे ते उलटून परत येत नसे.

मुख्य कार्डाला सगळे साहेब म्हणत. साहेबांना हा रेझिस्टर भारी खुपायचा. "मी एवढं बोलतो, आणि समोरून हूं नाही की चूं नाही! हा बसलाय नुसता गिळत." त्यांनी त्याला घरी बसवायचं ठरवलं.

"साहेब, मी उठलो तर तुम्हाला तुमचंच ऐकू येईल," रेझिस्टर म्हणाला.

"मग त्यात वाईट काय?"

रेझिस्टर गेला आणि काय बहार आली! साहेब म्हणाले, "कारभार उत्तम!" टोकाकडून आवाज आला, "कारभार उत्तम!" साहेबांना अगदी भरून आलं. इतकी वर्षं या बिचाऱ्या कार्डांना मनातलं बोलूच दिलं नव्हतं कुणी!

तेवढ्यात तापमापक कार्ड जीव तोडून ओरडलं, "दूध उतू जातंय!" पण तारेवर साहेबांचं कौतुक मागेपुढे घुमत होतं. त्यात त्याचं ओरडणं बुडून गेलं.

करपल्याचा वास सुटला तेव्हा दुरुस्तीवाल्या निमकरबाई धावत आल्या. त्यांनी कपाट उघडलं आणि रेझिस्टर परत टोकाला बसवला. तार शांत झाली. तापमापकाचा बसलेला आवाज आता स्वच्छ ऐकू आला, "मघापासून ओरडतोय, साहेब. सगळं दूध गेलं."

साहेबांनी कपाळाला हात लावला.

"बघा," ते म्हणाले, "हा आला, की लगेच तक्रारी सुरू."