तीन कानशी

"पण चाचा, चुकीचं निवडलं तर?"

हा प्रश्न पद्मजाने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा नवऱ्याला, दुसऱ्यांदा आरशाला. आरसा तरी "तुला योग्य वाटेल ते कर" असं म्हणाला नव्हता.

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. मांडीवर आडवा तंबोरा, नाकावर घसरलेला चष्मा. मिरजेतल्या त्या अरुंद दुकानात ते पन्नास वर्षं तंबोऱ्यांची जवारी काढत होते. तारा ज्या चपट्या घोडीवरून जातात, त्या घोडीची पाठ कानशीने अशी घासायची की तार नुसती वाजत नाही, झंकारत राहते. एवढंच काम. त्यातलं 'एवढंच' कळायला पद्मजाला दोन वर्षं लागली होती.

ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. नादावर एक निबंध लिहायचा म्हणून आली आणि मग दर शनिवारी चाचांच्या हाताखाली बसू लागली. सुरुवातीला फोनवर आलेख काढून त्यांना दाखवायची, की इथं अजून घासायला हवं. चाचा तिला मास्तरीण म्हणत. हिचा हात बसायच्या आधी मत बसलं, असंही म्हणत.

आज शनिवार नव्हता.

आणि तिच्या गुडघ्याशी एमआरआयचं मोठं पाकीट होतं.

तिने सगळं वर्गात सांगावं तसं क्रमाने सांगितलं. दीड महिन्यापूर्वी डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं. मग उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. तीन वर्षांच्या लेकीच्या, ईशूच्या फ्रॉकचं बटण लावताना ते बोटांत आहे की नाही हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागलं. मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडत राहतं.

"मी त्यांना काय म्हणाले माहितीये? छान. छान समजावलंत, म्हणाले. आणि उठून चालू लागले. लिफ्टपाशी आल्यावर आठवलं, पर्स आतच राहिली. आणि नवराही."

चाचा हसले नाहीत.

"अजून तिथंच उभी असल्यासारखं वाटतं, चाचा. लिफ्टपाशी."

…

डॉक्टरांनी तीन उपचार समोर ठेवले होते. रोजची गोळी, घरीच टोचून घ्यायची सुई, नाहीतर दर सहा महिन्यांनी हॉस्पिटलात जाऊन घ्यायचं सलाईन. दुसरं मूल हवंय का, तेही विचारून घेतलं होतं. तुमच्या बाबतीत तिन्ही चालतील, म्हणाले. प्रत्येकाचे धोके वेगळे, पथ्यं वेगळी. मधूनमधून तपासत राहू, नाही मानवलं तर बदलू. पण रेंगाळू नका, चार दिवसांत कळवा.

त्याला आज सोळा दिवस झाले होते.

सोळा दिवसांत तिने तक्ता केला होता. हिरवे, पिवळे, लाल रकाने. रोज संध्याकाळी एखादा रकाना वाढायचा आणि एक औषध बाद व्हायचं. सकाळी तेच औषध तोंड धुऊन परत हजर. मधल्या काळात सासूबाईंनी कुणाकडून तरी काढा मागवला होता, नणंदेने एका बाबांचा पत्ता पाठवला होता. डॉक्टरांच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, तो तिने उचलला नाही. ती पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी होती. उत्तर पक्कं झाल्याशिवाय हात वर करायची तिला सवय नव्हती.

"तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते घेते."

"मी जवारीवाला गं."

"म्हणूनच. बाकी सगळे रडायला लागतात."

चाचांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग तंबोरा तिच्यापुढे उभा केला आणि घोडीवर बोट ठेवलं. खर्जाच्या तारेखाली केसाएवढी खाच पडली होती. वाजून वाजून तारेनेच पाडलेली.

"छेड."

पद्मजाने छेडलं. आवाज दबका आला, उशीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा.

चाचांनी फडक्यावर तीन कानशी मांडल्या. एक रुंद, एक बारीक, एक मधली.

"तू छेडत राहा. यातली कुठली लावायची, ते मी ठरवतो."

ती छेडत राहिली. बधिर बोटांना तार लागत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

चाचांनी रुंद कानस उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. बारीक उचलली. मग परत रुंद. रुंद घोडी जास्त खाईल, ते पुटपुटले. बारीक पुरी पडणार नाही. मधलीचं काय सांगावं… आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

बाहेर तांब्याच्या तारांची भेंडोळी घेऊन एक माणूस आला, जरा थांबला, निघून गेला.

…

एरवी चाचांना कानस निवडायला श्वासभरही वेळ लागत नसे. पद्मजाला आधी आश्चर्य वाटलं, मग काळजी, मग सरळ राग आला. आपण इथे काय घेऊन आलोय आणि यांचं काय चाललंय.

"चाचा, कुठलीही घ्या ना. तिन्ही चांगल्या आहेत. दोन हात मारा आणि ऐका. तुम्हीच शिकवलंत."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर ऐकू येईल की."

"हं," चाचा म्हणाले. पण कानशीला हात लावला नाही.

ती छेडत राहिली. तोच दबका आवाज. तार थरथरत होती आणि त्या खाचेत घासत होती. प्रत्येक छेडीला थोडं थोडं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण घोडी अशीच जाते, हेही तिला चाचांनीच शिकवलं होतं.

तिने तारांवर पंजा ठेवला. आवाज बंद झाला.

"का थांबलीस?"

"तार घोडी खातेय, चाचा. तुमचं ठरत नाही, तोवर खाच आणखी कशाला वाढवायची? ठरलं की सांगा. तोपर्यंत थांबते."

"शहाणी आहेस."

चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. मग कानशीच्या टोकाने तिच्या गुडघ्याशी पडलेलं पाकीट हळूच तिच्याकडे सरकवलं.

"आता त्यालाही सांग. म्हणावं, माझं ठरत नाही, तोपर्यंत थांब."