पाच घरांची माधुकरी

एकाकी घरी न बोलावता येणाऱ्या श्रीहरीला वंदन करून ही कथा सांगतो.

वाईच्या मनोरमाबाई एकट्या राहत. त्यांची दृष्टी मंदावली तेव्हा पतीने संगणकावर मोठी अक्षरे, पिवळी पार्श्वभूमी, माउसचा ठळक बाण, पडद्यावर पोथ्यांची रांग आणि तिन्हीसांजेला दिव्याची आठवण देणारी घंटा अशा पाच सोयी करून दिल्या होत्या. पती गेले, पुढे संगणकही थकला. नव्याची प्रणाली वेगळी होती, आणि त्या सोयींवाचून बाईंना पोथी वाचता येईना.

दोन्ही संगणक घेऊन त्या दुकानात गेल्या, तेव्हा दुकानदार भुसारी ऐटीत म्हणाले, “आजी, सेटिंग्ज शंभर ठिकाणी दडलेल्या असतात. त्या हलवणारं सॉफ्टवेअर चार हजारांचं. त्याशिवाय ब्रह्मदेवालाही जमायचं नाही!”

“गावात घरं शंभर असतात, भुसारी,” बाई शांतपणे म्हणाल्या, “पण माधुकरी मागणाऱ्याला पाच पुरतात. त्यासाठी तो सारा गाव विकत घेत नाही. माझी पाच दारं तेवढी दाखवा.”

गिऱ्हाइके हसली. भुसारींनी दोन्ही संगणक शेजारी मांडले. ते दार दाखवीत, आणि बाई जुन्यात पाहून नव्यात एकेक सोय स्वतःच्या हाताने लावीत.

शेवटी घंटा वाजवून पाहिली. सवयीने बाई उठल्या, “हो, लावते हं दिवा,” म्हणाल्या, आणि शेजारची रिकामी खुर्ची पाहून थबकल्या.

या वेळी कोणी हसले नाही. भुसारींनीच उठून दुकानातल्या गणपतीपुढे दिवा लावला.

श्रोतेहो, तुमच्या घरोघरी सांजवात तेवत राहो, आणि ती लावायची आठवण करणारे कोणीतरी सदैव असो.