केशराची काडी आणि लेझर

मंडळी, पेठेतल्या वस्तू आपसांत बोलायच्या, त्या काळी एका अत्तराच्या दुकानात लेझर आला. मालावर हिरवा किरण टाकायचा आणि परतलेल्या रंगांवरून अस्सल-नकली सांगायचा. एकदा केशराच्या दोन काड्या त्याच्यापुढे आल्या. पहिलीवर त्यानं पूर्ण जोर लावला, तशी ती जळून गेली.

"नकलीच असणार!" लेझर म्हणाला.

शेजारचं म्हातारं भिंग हसलं. "अरे लेका, डोळे वटारून विचारलंस तर कोण बोलेल?"

दुसरी काडी म्हणाली, "दादा, मी खरी आहे हो. पण जळाले तर सांगणार कोण?"

लेझरनं उजेड चांदणीइतका मंद केला आणि वाट पाहिली. हळूहळू परतणाऱ्या रंगांत काडीच्या गावचं धुकं, डोंगरउतार, केशराची जांभळी फुलं उमटू लागली.

"अस्सल!" तो पुटपुटला.

काडी म्हणाली, "आम्ही दोघी एकाच फुलातल्या."