मागचं झाकण

कॅमेरे बोलायचे त्या काळातली गोष्ट. तळ्याकाठच्या जांभळीवर चिंगी खार राहायची. तिचा मित्र करकोचा दूरदेशी निघाला होता, म्हणून तिला त्याचा फोटो हवा होता.

डिजिटल कॅमेऱ्यावर तिने दोनशे फोटो काढले. हा वाकडा, तो अंधारा, असं म्हणत एकेक पुसून टाकला. शेवटचा पुसला आणि बॅटरी संपली.

"माझ्यात एकच फोटो उरलाय," जुना फिल्मचा कॅमेरा म्हणाला.

करकोचा उडाला तेवढ्यात चिंगीने घाबरत बटण दाबलं. मग फोटो बघायला तिचा पंजा थेट मागच्या झाकणावर गेला.

"उघडू नकोस गं. उजेड शिरला की फोटो गेला."

चिंगी पार गोंधळली. "मग काका, नीट आलाय हे कळायचं कसं?"

"फिल्म धुतल्यावर कळेल. तोवर तूच सांग, कसा दिसला?"

तिने डोळे मिटले. "पायाला शेवाळ होतं. आणि जाताना त्याने वळून पाहिलं." ती थबकली. "दोनशे फोटो काढले, पण शेवाळ आत्ताच दिसलं. असं कसं?"



"पण आला असेल ना नीट?" असं पुटपुटत चिंगी त्या झाकणावरच ठाण मांडून बसली, स्वतःचाच पंजा शेपटीखाली दाबून.